मेडिकल इनोव्हेशनसाठी सरकारी ग्रांट: खान्देशातून सारखे येणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तेच तेच प्रश्न व्हॉट्सॲपवर येत राहतात, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवतेय. वरचे प्रश्न सोपे आहेत, खाली जाल तसे किचकट होत जातात. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे परत लिहिलेलं नाही, तिथे नंबर दिलाय. रकमा आणि अटी कॉलगणिक बदलतात, तेव्हा फॉर्म भरायच्या दिवशी चालू कॉलची पीडीएफ उघडून बघाच.

१. ताई, ग्रांट म्हणजे लोनच ना? परत कधी फेडायची?

फेडायची नाही. व्याज नाही, तारण नाही, आणि बायरॅकच्या बिगसारख्या ग्रांटमध्ये (प्रश्न २) सरकार कंपनीत हिस्साही मागत नाही. पण लगेच "किती मिळतील" विचारू नका, आधी कशाला मिळतात ते बघा. हे पैसे धंदा उभा करायला नसतात, एका प्रश्नाचं उत्तर काढायला असतात. म्हणजे "बोटाच्या एका थेंबावरून माझं यंत्र सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार ओळखतं का, आणि शंभरात किती वेळा चुकतं" असला प्रश्न. शेड बांधायचीय, मशीन घ्यायचंय, मेडिकल टाकायचंय तर जिल्हा उद्योग केंद्रात जा, पीएमईजीपी आणि सीएमईजीपी या पंतप्रधान आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मितीच्या योजना त्यासाठीच आहेत, तिथे बँकेचं लोन आणि वर सबसिडी असा प्रकार असतो. बऱ्याच जणांचं काम तिथेच होतं, त्यांना संशोधनाच्या ग्रांटची गरजच नसते.

२. आपल्यासारख्या लहान माणसाला कोणकोणत्या स्कीम आहेत? लिस्ट पाठवा ना

नुसती लिस्ट पाठवून उपयोग नाही, तुमचं काम कुठवर आलंय त्यावर स्कीम ठरते.

डोक्यात आयडिया आहे, हातात काही नाही, आणि बनवायची वस्तू हाताला लागणारी आहे, तर केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची निधी प्रयास बघा. प्रोटोटाइप म्हणजे पहिला चालता नमुना बनवायला १० लाखांपर्यंत मिळतात, नुसतं ॲप असेल तर ती बसत नाही.

त्याच्या पुढची म्हणजे बिग, पूर्ण नाव बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रांट. देणारी संस्था बायरॅक, जी जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ मध्ये काढली. ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी, आणि काम एकच, कॉन्सेप्ट खरंच चालतो हे दाखवायचं. औषध, डायग्नोस्टिक किट, डिव्हाइस सगळं यात येतं. मेडिकलवाल्यांनी पहिलं नाव हेच बघावं असं माझं मत आहे, कारण समोर बसणाऱ्या एक्सपर्टना आपला विषय कळतो. बायरॅकचीच एसबीआयआरआय २००५ पासून चालू आहे, पण ती काम पुढे गेलेल्या कंपन्यांसाठी.

स्टार्टअप इंडिया सीड फंड २०२१ ला चार वर्षांसाठी आला, म्हणून अजून अर्ज घेतायत का ते आधी बघा, त्यात प्रोटोटाइप आणि ट्रायलसाठी २० लाखांपर्यंत ग्रांट. त्याच स्कीमचे ५० लाख लोक सांगतात ना, ते मार्केटमध्ये उतरण्यासाठी आहेत आणि कर्ज किंवा कन्व्हर्टिबल डिबेंचरच्या (पुढे शेअरमध्ये बदलता येणारं कर्ज) रूपात, म्हणजे ती ग्रांट नव्हे. एमएसएमई मंत्रालयाच्या इनोव्हेटिव्ह स्कीममध्ये एका आयडियाला १५ लाखांपर्यंत, होस्ट संस्थेमार्फत.

आणि पेपरात "संशोधनाला १ लाख कोटी" वाचून जे फोन येतात त्यांच्यासाठी, तो आरडीआय फंड आहे, त्यातून कमी व्याजाची कर्जं आणि भागभांडवल मिळतं, तेही बऱ्यापैकी तयार झालेल्या टेक्नॉलॉजीला. अमळनेरच्या दोन माणसांच्या टीमने आज त्याचा विचार करू नये.

३. माझी प्रोप्रायटरी फर्म आहे, उद्यम रजिस्ट्रेशन पण आहे, चालेल का?

बहुतेक ठिकाणी नाही चालणार. उद्यम हे एमएसएमईचं सर्टिफिकेट आहे, स्टार्टअपचं नाही, लोक इथेच गोंधळतात. स्टार्टअप म्हणून डीपीआयआयटी या केंद्राच्या उद्योग विभागाची मान्यता लागते आणि ती प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी, रजिस्टर्ड पार्टनरशिप अशांना मिळते, प्रोप्रायटरीला नाही. सीड फंडला तर ही मान्यता हवीच, शिवाय अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको. म्हणून घाई करून आज कंपनी काढायची आणि मग तीन वर्षं आयडियावर विचार करायचा असं करू नका, घड्याळ कंपनी काढल्या दिवसापासून सुरू होतं. प्रयास आणि बिगला व्यक्ती म्हणूनही अर्ज करता येतो, पण बिगला मग इनक्युबेटरचा, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा, लॅब आणि सल्ला देणाऱ्या केंद्राचा आधार दाखवावा लागतो (प्रश्न ४).

४. आमच्याकडे लॅबच नाही. शिरपूर-शहाद्यात बसून हे होईल का, की पुण्यालाच जावं लागेल?

होईल, पण कुठल्यातरी लॅबला बांधून घ्यावं लागेल. बिगमध्ये एकतर स्वतःची चालू आर अँड डी लॅब लागते नाहीतर मान्य इनक्युबेटरमध्ये तुमची नोंद. आपल्या भागात जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात केसीआयआयएल हे इनक्युबेशन सेंटर आहे, पहिली चक्कर तिकडेच मारा. केमिकल, पॉलिमर, फॉर्म्युलेशनचं काम असेल तर विद्यापीठाची केमिकल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट आणि शिरपूरचं आर. सी. पटेल फार्मसी कॉलेज, असल्या ठिकाणच्या उपकरणांवर काम करण्याचं लेखी पत्र घ्या. तोंडी "या कधीपण" याला काही किंमत नाही.

बायोलॉजीचं खरं ओलं काम असेल, सेल कल्चर वगैरे, तर पुण्याचं व्हेंचर सेंटर, आणि डिव्हाइससाठी आयआयटी मुंबईचं साइन, दोन्ही इनक्युबेटर. तिथेच बेटिक पण आहे, २०१४ मध्ये राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने सुरू झालेलं मेडिकल डिव्हाइसचं केंद्र. म्हणजे रात्रीच्या गाडीने महिन्यातून एखादी फेरी होणार हे धरून चाला, बजेटमध्ये प्रवासाचं हेड ठेवा.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे आहे जी पुण्यावाल्यांकडे नाही. जळगाव एमआयडीसीत चटई आणि पाइपवाल्यांमुळे प्लास्टिक कळणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. डिव्हाइसचं कव्हर, कार्ट्रिज, होल्डर याचे नमुने इथे जवळच करून घेता येतात. अर्जात हे लिहा, लोक लाजतात कशाला माहीत नाही.

५. मी आयटीआय फिटर आहे, डिग्री नाही. सायंटिस्टच लागतो का?

प्रयासमध्ये डिग्री कुणी विचारत नाही, भारतीय नागरिक आणि १८ पूर्ण हे बघतात, बाकी आयडिया. बिगमध्ये मात्र पॅनल टीम बघतं. तुम्ही यंत्र बनवाल हो, पण ते रुग्णाला लावल्यावर काय होतं ते सांगणारा डॉक्टर आणि आकडे वाचणारा कोणी टीममध्ये हवा. उलटंही खरं आहे, धुळ्याचे एमडी डॉक्टर एकटेच अर्ज करतात, प्रॉब्लेम अचूक मांडतात आणि सर्किट कोण बनवणार विचारलं की गप्प. दोघांनी एकमेकांना शोधा.

६. अर्ज कधी निघतात? आणि पैसे हातात यायला किती वेळ?

बिगचे कॉल वर्षातून दोनदा, साधारण १ जानेवारी आणि १ जुलैला उघडतात, दीड महिना उघडे असतात. सीड फंडला इनक्युबेटर निवडून अर्ज करायचा, एकावेळी तीन इनक्युबेटर पसंतीने टाकता येतात. प्रयास प्रत्येक सेंटर आपापल्या वेळेला काढतं. वेळ विचाराल तर बिगमध्ये छाननी, मग प्रेझेंटेशन, मग जागेवर येऊन पाहणी, मग शेवटची कमिटी, मग करार, त्यात सहा-आठ महिने सहज जातात. तेव्हा त्या पैशाच्या भरवशावर नोकरी सोडू नका आणि सावकाराला तारीख तर अजिबात देऊ नका.

७. अर्जात लिहायचं काय? आमचा रिजेक्ट झाला, कारण "नॉव्हेल्टी नाही" असं आलं

इथे थोडं सविस्तर सांगते कारण बहुतेक अर्ज इथेच पडतात.

सिकल सेलचंच उदाहरण घेऊ, नंदुरबारकडून हा विषय सारखा येतो आणि यायलाच पाहिजे, धडगाव-अक्कलकुव्यात पावरा, भिल्ल घरांमध्ये हा आजार किती आहे ते वेगळं सांगायला नको. अर्जात लोक पहिली दोन पानं आजार किती वाईट आहे यावर घालवतात. पॅनलला ते माहीत आहे, राष्ट्रीय मिशन १ जुलै २०२३ ला सुरू झालंय, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं टार्गेट आहे. पॅनलचा प्रश्न वेगळा असतो, आज जे वापरतात त्यात नेमकं कुठे अडतं आणि तुमचं तिथे काय वेगळं करतं.

तर असं लिहा. गावपातळीवरची साधी सोल्युबिलिटी टेस्ट स्वस्त आहे, पण वाहक (दोष अंगात आहे पण स्वतः आजारी नाही) कोण आणि रुग्ण कोण हे ती वेगळं सांगू शकत नाही, त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही लॅबमधली तपासणी लागते, म्हणजे नमुना पाड्यावरून खाली मोठ्या दवाखान्यात, रिपोर्ट परत वर, आणि तोवर ते कुटुंब ऊसतोडीला निघून गेलेलं असतं. बाजारात वाहक-रुग्ण वेगळे सांगणारे रॅपिड किट पण आहेत, त्यांची नावं स्वतःहून लिहा, त्यांची किंमत आणि साठवणुकीचं तापमान लिहा, आणि मग तुमचं किट कुठे सरस ते लिहा. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, फ्रिज नसलेल्या उपकेंद्रात तुमचं रिएजंट टिकतं हे दाखवलंत तर ती नॉव्हेल्टी आहे, आणि ती तपासायला तुमच्याकडे ऊन फुकट आहे. "जगात असं कुठेच नाही" हे वाक्य लिहू नका, पॅनलवाला तिथेच मोबाइल काढून सर्च करतो.

मग माइलस्टोन. "सहा महिन्यांत संशोधन करू" हा माइलस्टोन नाही. "सहाव्या महिन्यात साठवलेल्या २०० नमुन्यांवर एचपीएलसीशी तुलना, आणि ९५ टक्क्यांच्या खाली जुळणी आली तर डिझाइन बदलणार" हा माइलस्टोन आहे. हप्ते पुढे यावरच सुटतात. बजेट पण माइलस्टोनला जोडून द्या, गोल आकडे टाकू नका, कोटेशन घेऊन टाका.

८. या पैशातून गाडी, ऑफिस, स्वतःचा पगार निघतो का?

गाडी नाही, जागा नाही, बांधकाम नाही. सीड फंडात तर कसलीही फॅसिलिटी उभी करायला पैसे वापरायचे नाहीत अशी स्पष्ट अट आहे. चालतं ते कच्चा माल, टेस्टिंग, छोटी उपकरणं, माणसांचा पगार, प्रवास, पेटंटचा खर्च, हेडनुसार. स्वतःच्या मानधनाचं प्रत्येक स्कीमचं वेगळं आहे, कॉलमध्ये वाचा. घर चालवायची अडचण असेल तर प्रयास ज्यात येते त्या निधी कार्यक्रमाचीच ईआयआर फेलोशिप बघा, महिन्याला ३० हजारांपर्यंत, ती संस्थापकाच्या पोटापाण्यासाठीच आहे.

९. एक कन्सल्टंट म्हणतोय मंजूर करून देतो, १० टक्के घेईन, आधी ५० हजार द्या

देऊ नका. सीड फंडच्या अर्जाला फी नाही, आणि इनक्युबेटरनेही अर्जदाराकडून पैसे घ्यायचे नाहीत असा नियम आहे. निवड पॅनलसमोरच्या प्रेझेंटेशनवर होते आणि तिथे तुम्हालाच बोलावं लागतं. ग्रांटमधून टक्केवारी दिलीत तर हिशोबात कुठल्या हेडखाली दाखवणार ते आधी त्याला विचारा. अर्ज सुधारून देणाऱ्याला त्याच्या कामाचे ठरलेले पैसे स्वतःच्या खिशातून दिले तर त्यात गैर काही नाही, "वर ओळख आहे" म्हणणाऱ्याला मात्र चहासुद्धा पाजू नका.

१०. आधी पेटंट की आधी ग्रांट?

पेटंट मिळालेलंच पाहिजे अशी अट नसते, पण प्रोव्हिजनल, म्हणजे पेटंटचा पहिला तात्पुरता अर्ज, टाकून मग ग्रांटचा अर्ज केला तर झोप शांत लागते. प्रोव्हिजनलनंतर पूर्ण स्पेसिफिकेशन द्यायला १२ महिने असतात. सरकारी फी लहान अर्जदाराला १,६०० रुपयांपासून आहे, आणि मान्यताप्राप्त स्टार्टअपला सरकारी योजनेतून फॅसिलिटेटर मिळतो, त्याची फी सरकार देतं. पेटंट तुमच्याच नावावर राहतं, बायरॅक बिगमध्ये त्यावर मालकी सांगत नाही.

खरा धोका वेगळा आहे. प्रोव्हिजनलच्या आधी यंत्राचा व्हिडिओ स्टेटसला टाकणं, लोकल पेपरात फोटोसकट बातमी देणं, कॉलेजच्या प्रदर्शनात सगळं उघडून दाखवणं, याने नवीनपणा जातो आणि नंतर तुमचीच बातमी तुमच्या पेटंटला आडवी येते. सत्काराला नाही म्हणणं आपल्याकडे जड जातं, मान्य, पण महिनाभर थांबा. आणि उपचाराच्या पद्धतीवर भारतात पेटंट मिळत नाही, यंत्रावर किंवा पदार्थावर मिळतं.

११. यंत्र तयार आहे, ओळखीचे डॉक्टर आहेत, सिव्हिलला दहा पेशंटवर लावून बघू का?

नाही. हे एवढं स्पष्ट सांगायचं कारण, "फक्त बघायला" म्हणून हे सर्रास केलं जातं आणि असा डेटा नंतर अर्जात वापरता येत नाही, उलट तोच गळ्यात येतो.

मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ चे आहेत, १ जानेवारी २०१८ पासून लागू. १ एप्रिल २०२० पासून जवळपास सगळीच उपकरणं कायद्याच्या कक्षेत आली, निदान करणारं सॉफ्टवेअर सुद्धा. जोखमीप्रमाणे ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. चाचणीसाठी थोडे नग बनवायलाही लायसन्स लागतं, फॉर्म एमडी-१२ भरून सीडीएससीओ या केंद्राच्या औषध आणि उपकरण नियंत्रण संस्थेकडून एमडी-१३ घ्यायचं. फी किरकोळ आहे, कागदपत्रं किरकोळ नाहीत. माणसावर वापरायचं म्हटलं की हॉस्पिटलच्या नोंदणीकृत एथिक्स कमिटीची मंजुरी, प्रत्येक रुग्णाची लेखी संमती आणि ती त्याला कळणाऱ्या भाषेत, म्हणजे तळोद्याला भिलीत किंवा पावरीत समजावून. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआय या ट्रायलच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत नोंद पहिला पेशंट घ्यायच्या आधी.

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तेव्हा कमिटीसाठी मुंबई गाठायचीच असं नाही. तुमचं यंत्र कुठल्या वर्गात येतं इथेच गाडी अडली असेल तर मेडटेक मित्र या पोर्टलवर नोंद करा, डिसेंबर २०२३ मध्ये आयसीएमआर, सीडीएससीओ आणि नीती आयोगाने मिळून ते याचसाठी सुरू केलं.

१२. आमच्या आजीचा मुळव्याधीचा लेप आहे, सातपुड्यातली मुळी, शंभर टक्के गुण. याला ग्रांट?

जसा आहे तसा नाही. पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही, पेटंट कायद्याचं ३(पी) कलम. त्यातला घटक वेगळा काढला, नवं फॉर्म्युलेशन केलं, आणि त्याचा परिणाम मोजून दाखवला तर तो संशोधनाचा विषय होतो. पण मग जंगलातली वनस्पती वापरताय म्हणून जैवविविधता कायदा लागू होतो, आणि मुळी दाखवणाऱ्या पाड्यावरच्या माणसांचा फायद्यातला वाटा हा पण त्याच कायद्याचा भाग आहे. विकायचं असेल तर आयुर्वेदिक औषधाचं उत्पादन लायसन्स लागतं. आणि "शंभर टक्के" हा शब्द अर्जातून काढाच, कुठल्या औषधाला शंभर टक्के नसतो.

१३. दोन ग्रांट एकदम घेता येतात का?

एकाच कामासाठी नाही. वेगवेगळ्या टप्प्यांसाठी एकामागून एक घेता येतात, प्रयास मग बिग असा रस्ता बरेच जण धरतात. पण क्रम नीट लावा. सीड फंडची अट आहे की आधी केंद्र-राज्याच्या कुठल्या स्कीममधून १० लाखांपेक्षा जास्त मदत घेतलेली नको, म्हणजे आधी बिग घेतली तर सीड फंडचं दार बंद. बक्षिसाची रक्कम, संस्थापकाचा भत्ता, स्वस्तात मिळालेली जागा किंवा लॅबचा वापर या १० लाखांत धरत नाहीत. आधी घेतलेलं लपवू नका, सगळं ऑनलाइन आहे.

१४. भाऊ अमेरिकेत आहे, तिथली एसबीआयआर ग्रांट खूप मोठी असते म्हणे. ती आपल्या जळगावच्या कंपनीला?

नाही मिळत. एसबीआयआर १९८२ च्या कायद्याने आलेली, मेडिकलमध्ये एनआयएच ही तिथली सरकारी आरोग्य संशोधन संस्था ती देते. कंपनी अमेरिकेतली, ५०० पर्यंत माणसांची, निम्म्याहून जास्त मालकी अमेरिकन नागरिक किंवा तिथल्या कायम रहिवाशांची, आणि काम पण तिथेच. आपली एसबीआयआरआय नावाने सारखी आहे म्हणून लोक फसतात, दोन्हींचा संबंध नाही.

उलट बाजूने जपा. भाऊ तिकडचा नागरिक असेल आणि पैसे त्याचे म्हणून इथल्या कंपनीत ६० टक्के त्याच्या नावावर टाकले, तर बायरॅक आणि सीड फंड दोन्ही जातात, कारण इथे किमान ५१ टक्के हिस्सा भारतीयांचा लागतो. कंपनी काढतानाच हे बसवा.

१५. मी सरकारी कॉलेजात प्राध्यापक आहे, बायकोच्या नावाने कंपनी काढून अर्ज करू का?

काम तुम्ही करणार आणि नाव त्यांचं, हे प्रेझेंटेशनला पाचव्या मिनिटाला कळतं. संस्थेचं ना-हरकत पत्र घ्या आणि स्वतःच्या नावाने या. वहिनी खरंच कंपनी चालवणार असतील तर प्रश्नच नाही, मग प्रेझेंटेशन पण त्यांनाच देऊ द्या.

१६. प्रयोग फसला तर पैसे परत? आणि उरले तर?

फसला म्हणून कुणी वसूल करत नाही, नीट केलं आणि नाही आलं हे पण उत्तरच आहे, रिपोर्टमध्ये तसं लिहा. वसुली होते ती पैसा दुसरीकडे वळवला तर. ग्रांटसाठी वेगळं खातं ठेवा, घरचं आणि फर्मचं मिसळू नका, कारण युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे कशावर खर्च झाले याचा दाखला, सीएच्या सहीने द्यावं लागतं आणि ते दिल्याशिवाय पुढचा हप्ता हलत नाही. न वापरलेली रक्कम परत जाते. खात्यावर पडून असलेल्या पैशाचं व्याज पण सरकारचं, ते आपलं समजून खर्च करू नका. इन्कम टॅक्समध्ये ग्रांट कशी दाखवायची ते पहिला हप्ता यायच्या आधी सीएला विचारा, मार्च एंडला नको.

१७. ग्रांट संपली, यंत्र पास झालं, आता सरकारी दवाखाने घेतीलच ना?

आपोआप नाही घेत. आधी विक्रीसाठी उत्पादन लायसन्स, ए आणि बी वर्गाचं राज्याच्या एफडीएकडून, सी आणि डीचं सीडीएससीओकडून, सोबत आयएसओ १३४८५ या मेडिकल उपकरणांच्या मानकाच्या धर्तीची क्वालिटी सिस्टिम. प्रश्न ११ मधलं टेस्ट लायसन्स विक्रीला चालत नाही. मग जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नोंद करा, तिथे मान्यताप्राप्त स्टार्टअपला जुनी उलाढाल आणि अनुभवाच्या अटीत सूट मिळू शकते, टेंडरमध्ये तसं लिहिलंय का ते बघायचं. राज्यातल्या दवाखान्यांची खरेदी आता महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणामार्फत होते. आणि महाराष्ट्र राज्य इनोव्हेशन सोसायटीच्या महाराष्ट्र स्टार्टअप वीकमध्ये जरूर उतरा, निवडलेल्या कंपन्यांना वर्क ऑर्डर मिळते, म्हणजे सरकारी खात्यात तुमचं यंत्र एकदा चालवून दाखवायची संधी. पुढच्या टेंडरला अनुभव म्हणून तीच ऑर्डर जोडता येते.